जुन्या लॅपटॉपचा कीबोर्ड बिघडलाय: बदलायचा की नाही, कसं ठरवाल?

"दोन-तीन बटणं चालत नाहीत, बाकी मशीन एकदम चकाचक." सेकंडहँड लॅपटॉप विकणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य ठरलेलं असतं आणि पाठोपाठ दुसरंही येतं, "पाचशे-हजारात होऊन जाईल." होतंही कधीकधी. पण तेवढ्याच आकाराच्या, तेवढ्याच किमतीच्या दुसऱ्या लॅपटॉपला तेच काम चार-पाच हजारांवर जाऊ शकतं. कीबोर्ड नावाची वस्तू फारशी महाग नसते. महाग पडतं ते तिच्यापर्यंत पोचणं. कीबोर्ड लॅपटॉपमध्ये कसा बसवलाय, यावर बहुतेक सगळा हिशोब फिरतो आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही.

म्हणून आधी बिघाड खरा आहे का ते पाहू, मग तो कशाने झाला, मग कीबोर्ड कसा बसवलाय आणि सगळ्यात शेवटी पैसे. दुकानात हा क्रम उलटा होतो. तिथे पहिल्यांदा आकडाच सांगितला जातो.

पायरी १: बिघाड खरा आहे का?

चालत नसलेला कीबोर्ड दर वेळी बिघडलेलाच असतो असं नाही. विंडोजमध्ये 'फिल्टर कीज' नावाची एक सोय आहे. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की ती चालू करायची का, असं विचारलं जातं आणि घाईत 'हो' म्हटलं की झटपट दाबलेली बटणं लॅपटॉप मोजेनासाच होतो. कीबोर्ड मेलाय असंच वाटतं. शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर येणारं 'स्टिकी कीज' हे तिचंच भावंड. दोन्ही सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन बंद करा.

काही जुन्या, आकाराने लहान लॅपटॉपवर नम लॉक चालू राहिलं की यू, आय, ओ दाबल्यावर ४, ५, ६ उमटतात. यातही बिघाड काही नाही.

तिसरी गंमत परदेशातून आलेल्या मशीनची. रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेले, बरेच लॅपटॉप परदेशी कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले असतात. त्यात ब्रिटिश मांडणीचा कीबोर्ड असेल तर शिफ्ट आणि २ दाबल्यावर @ ऐवजी दुहेरी अवतरण चिन्ह येतं आणि @ तिकडे एंटरजवळच्या बटणावर सापडतं. विंडोजमध्ये भाषेची मांडणी एक आणि बटणांवरची छपाई दुसरी, असंही होतं. बटण दाबल्यावर *चुकीचं* अक्षर येत असेल तर आधी सेटिंगवर संशय घ्या. *काहीच* येत नसेल तर बटणावर.

आता खरी तपासणी. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. आत साठलेला चार्ज निघून जातो आणि काही हट्टी कीबोर्ड एवढ्यानेच शुद्धीवर येतात. मग नोटपॅड उघडून प्रत्येक बटण दाबा. दोन्ही शिफ्ट, दोन्ही कंट्रोल, बाण, एफ-बटणं, सगळी. एकेक बटण तीन प्रकारे दाबून पाहा: हलकेच, जोरात, आणि धरून ठेवून. मग लॅपटॉप अर्धा तास चालू ठेवून, तापल्यावर, पुन्हा सगळं करा. थंड असताना नीट चालणारी आणि तापल्यावर दगा देणारी बटणं असतात. विकत घेण्याआधी पाहताय, तर विकणाऱ्याला घाई असली तरी हा अर्धा तास सोडू नका.

दोष विंडोजचा की यंत्राचा, हे ठरवायला लॅपटॉप सुरू होतानाच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, शिरा. त्यासाठी डेलला साधारण एफ२ दाबायचं, एचपीला एफ१०, लेनोवोच्या थिंकपॅडला एफ१. तिथे विंडोज चालू नसतं. बाण, एंटर, एस्केप तिथेही चालत नसतील तर दोष यंत्रात. अक्षरं तपासायची तर पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजला असलेला फुकट पर्याय) चालवून त्यात टाइप करून पाहा. बायोसमधल्या पासवर्डच्या चौकटीत मात्र अक्षरं तपासायला जाऊ नका. अर्धवट चालणाऱ्या कीबोर्डने तिथे पासवर्ड बसला तर कीबोर्डचं दुखणं परवडलं म्हणायची पाळी येईल.

शेवटी यूएसबी कीबोर्ड जोडून पाहा. तो व्यवस्थित चालतो आणि आतला चालत नाही, म्हणजे निदान पक्कं.

पायरी २: कोणत्या प्रकारचा बिघाड?

लॅपटॉपच्या कीबोर्डात प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. बटणांखाली प्लास्टिकचे पातळ पापुद्रे असतात, त्यांच्यावर चांदीच्या शाईने छापलेल्या रेघा असतात, काही आडव्या, काही उभ्या. बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी रेघ एकमेकींना टेकतात आणि मदरबोर्डवरची चिप त्यावरून अक्षर ओळखते. या सगळ्या रेघा एका चपट्या पट्ट्यातून मदरबोर्डपर्यंत जातात. दुकानात त्याला रिबन किंवा स्ट्रिप म्हणतात. एवढं कळलं की लक्षणं वाचता येतात.

एकच बटण चालत नसेल किंवा वर निघून आलं असेल, तर बहुधा दोष वरवरचा असतो. टोपी, तिच्याखालची कात्रीसारखी क्लिप आणि रबराची घुमटी, या तिघांपैकी काहीतरी मोडलेलं किंवा मध्ये खडा अडकलेला. एवढ्यासाठी अख्खा कीबोर्ड बदलू नका. दुरुस्तीवाल्यांकडे जुने, मेलेले कीबोर्ड पडलेले असतात, त्यातून टोपी आणि क्लिप मिळून जाते. मात्र क्लिपचा आकार मॉडेलगणिक वेगळा असतो, त्यामुळे आपलं एखादं चांगलं बटण नमुना म्हणून दाखवावं लागतं. तेही नाही मिळालं तर आपल्याच कीबोर्डवरच्या, कधी न लागणाऱ्या, त्याच मापाच्या बटणाची क्लिप काढून लावा. पॉझ किंवा स्क्रोल लॉक शेवटचं कधी दाबलं होतं, आठवतंय?

एकमेकांशी काही संबंध दिसत नाही अशी चार-सहा बटणं एकदम गेली असतील, तर एक रेघ तुटली आहे किंवा रिबनचं एक टोक नीट टेकलेलं नाही. पहिलं असेल तर कीबोर्ड बदलावाच लागतो, आतली रेघ जोडत बसणं परवडत नाही. दुसरं असेल तर रिबन काढून पुन्हा बसवली की काम झालं. सगळीच बटणं मेली असतील तर हीच शक्यता आधी तपासा. आधीच्या मालकाने रॅम वाढवायला मशीन उघडलं आणि रिबनची कडी नीट लावली नाही, हे नेहमी घडतं. "रिबन एकदा काढून परत लावून बघा ना दादा," एवढं म्हणायला काही पैसे पडत नाहीत.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे आपोआप टाइप होणं. बटण कुणी दाबलेलं नाही आणि पडद्यावर 'ककककक' उमटतंय, किंवा पान आपोआप खाली सरकतंय. यात यूएसबी कीबोर्ड लावूनही सुटका नाही, कारण आतला कीबोर्ड बडबड करतच राहतो. त्याची रिबन काढून ठेवता येते, पण हल्लीच्या अनेक लॅपटॉपवर पॉवरचं बटणही कीबोर्डातच असतं. रिबन काढली तर मशीन सुरूच करता येत नाही. रिबन काढण्याआधी पॉवरचं बटण कुठे आहे ते बघून घ्या.

आणखी एक लक्षण बिघाडाच्या नावाखाली लपून येतं. कीबोर्ड मधोमध किंचित फुगल्यासारखा दिसतो, टचपॅड क्लिक होत नाही किंवा वर उचललेलं दिसतं, झाकण नीट मिटत नाही. हा कीबोर्डचा दोष नाही, खाली बॅटरी फुगली आहे. असं मशीन चार्जिंगला लावू नका, वरून दाबूनही बघू नका. बॅटरी बदलल्याशिवाय कीबोर्डचा विषयच काढायचा नाही. विकत घ्यायला गेला असाल तर नमस्कार करून परत या.

पायरी ३: काही सांडलं होतं का?

हा प्रश्न विचारल्यावर विकणारा नेहमी 'नाही' म्हणतो. त्यामुळे खुणा आपणच बघायच्या. बटण दाबल्यावर चिकट लागतं का, परत वर यायला वेळ लावतं का? एखादी टोपी हलकेच उचलली की खाली तपकिरी डाग दिसतो का? चहा सांडलेल्या कीबोर्डात साखर आणि दुधाचा थर बसतो. शेजारशेजारची बटणं एका ठिपक्याभोवती गोळा होऊन बिघडली असतील, तर तिथे काहीतरी ओतलं गेलं होतं असं धरून चाला.

हे एवढं महत्त्वाचं यासाठी, की कीबोर्ड झिजून गेला असेल तर नवा बसवल्यावर विषय संपतो. सांडल्यामुळे गेला असेल तर तो फक्त पहिला बळी असतो. ओल खाली मदरबोर्डवर उतरलेली असली तर तिथे हिरवा-पांढरा गंज धरतो आणि तो आपल्या गतीने पसरत राहतो. आज कीबोर्डावर दीड हजार घालवले आणि दोन महिन्यांनी मशीन चार्जच होईना, असं झालं तर ते दीड हजारही बुडाले. म्हणून सांडल्याचा संशय असेल तर दुकानदाराला आधी फक्त उघडून दाखवायला सांगा. त्याचे दोन-तीनशे रुपये मागितले तर द्या. बोर्डवर गंज दिसला तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड साफ करून घ्यायचा, काही दिवस मशीन बाहेरच्या कीबोर्डवर वापरून बघायचं आणि तगलं तरच नवा कीबोर्ड. सांडलेला कीबोर्ड 'धुऊन' देतो म्हणणारे भेटतील. बाहेरून तो साफ होतो, पण पापुद्र्यांच्या मध्ये शिरलेली साखर निघत नाही आणि काळ्या पडलेल्या रेघा काही परत येत नाहीत.

पायरी ४: कीबोर्ड बसवलाय कसा?

निर्णय खरा इथे होतो. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला, वरून निघणारा. ऑफिसात वापरल्या जाणाऱ्या दणकट मालिकांमध्ये हा प्रकार सापडतो. २०१८चा थिंकपॅड टी४८० हे सोयीचं उदाहरण, कारण रिफर्बिश्ड बाजारात त्याला मागणी असते. बुडाकडून कीबोर्डचे स्क्रू सोडवले की अख्खा कीबोर्ड पडद्याच्या दिशेने थोडा सरकवून वर उचलता येतो. मदरबोर्डला हातही लागत नाही. आतली बॅटरी तात्पुरती बंद करायची सोयही त्याच्या बायोसमध्येच दिलेली आहे. अशा मशीनचा कीबोर्ड बिघडला असेल तर फार विचार करू नका, बदलून टाका. सवय नसलेल्यालाही जमण्यासारखं काम आहे.

दुसरा, खालून निघणारा. इथे बुडाचं झाकण, बॅटरी, पंखा, मदरबोर्ड असं सगळं एकेक करून काढल्यावर तळाशी कीबोर्ड भेटतो, तोही पुष्कळ बारीक स्क्रूंनी धरलेला. थिंकपॅडमधलाच सडपातळ एक्स१ कार्बन घ्या, त्यात कीबोर्डपर्यंत पोचायला आतले जवळपास सगळे भाग बाहेर येतात. एकाच कंपनीच्या दोन लॅपटॉपमध्ये एवढा फरक असतो, म्हणून ब्रँडवरून अंदाज बांधू नका. इथे कीबोर्डच्या किमतीइतकीच, कधी जास्त, मजुरी लागते. ती घ्यायला कारागीरही तसाच हवा, कारण मदरबोर्ड काढताना-घालताना काही तुटलं तर प्रकरण कीबोर्डपुरतं उरत नाही.

तिसरा, चिकटलेला. घरगुती वापराच्या स्वस्त आणि मधल्या किमतीच्या अनेक लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या प्लास्टिकच्या सांगाड्याला स्क्रूने लावलेलाच नसतो. सांगाड्यातून आलेल्या प्लास्टिकच्या बारीक खुंट्या कीबोर्डच्या भोकांतून वर काढून, वितळवून, चपट्या केलेल्या असतात. दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत लॅपटॉपचं वरचं झाकण ए पॅनल, पडद्याभोवतीची चौकट बी, कीबोर्डभोवतीचा भाग सी आणि बूड डी. कंपनीच्या हिशोबाने इथे कीबोर्ड बदलायचा म्हणजे कीबोर्डसकट सी पॅनल बदलायचं. मॅकबुक याच जातीतले. तिथे कीबोर्ड वरच्या धातूच्या भागाला रिव्हेट केलेला असतो आणि अधिकृत दुरुस्तीत बॅटरीसकट अख्खा वरचा भाग बदलला जातो.

मॅकबुकचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मनात असू द्या. २०१५ ते २०१९ दरम्यानच्या बऱ्याच मॅकबुकमध्ये 'बटरफ्लाय' नावाचा अतिपातळ कीबोर्ड होता. धुळीच्या कणानेही त्याची बटणं अडकायची किंवा एकाऐवजी दोन अक्षरं उमटायची. तक्रारी इतक्या झाल्या की अ‍ॅपलने २०१८मध्ये मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली, पण ती मशीन पहिल्यांदा विकलं गेल्यापासून चार वर्षांपुरती होती. आता ती मुदत टळून गेली आहे. २०१९च्या शेवटी सोळा इंची मॅकबुक प्रोपासून जुन्या पद्धतीची कात्री-क्लिप परत आली. त्यामुळे २०१७चा मॅकबुक स्वस्तात मिळतोय आणि 'एखादंच बटण दोनदा उमटतं' असं ऐकलंत, तर ते एखाद्या बटणाचं दुखणं समजू नका.

चिकटलेल्या कीबोर्डासाठी बाजारात एक जुगाड चालतो. खुंट्या कापायच्या, जुना कीबोर्ड उपटायचा, नवा ठेवायचा आणि सोल्डरिंग गनने उरलेल्या खुंट्या वितळवून किंवा गोंद लावून तो बसवायचा. नीट केलं तर चालतं. घाईत केलं तर कीबोर्ड मधोमध दबतो, टाइप करताना फळी हलल्यासारखी वाटते आणि काही महिन्यांत गोंद सुटतो. कारागिराने याआधी केलेलं असं एखादं मशीन दाखवायला सांगा आणि 'जी', 'एच', 'बी' या मधल्या बटणांवर बोट दाबून बघा. तिथे कीबोर्ड खाली जात असेल तर दुसरं दुकान शोधा.

तुमच्या मॉडेलचा प्रकार कोणता, हे दुकानात जायच्या आधी घरबसल्या कळू शकतं. लेनोवो, डेल आणि एचपी आपापल्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका वेबसाइटवर फुकट ठेवतात. तिच्यात कीबोर्डचं प्रकरण उघडा आणि 'त्याआधी हे भाग काढा' अशी यादी किती लांब आहे ते बघा. बॅटरी आणि झाकण एवढंच असेल तर उत्तम. यादीत मदरबोर्ड असेल तर प्रकार दुसरा. कीबोर्डचं स्वतंत्र प्रकरणच नसेल, पाम रेस्टसकट, म्हणजे हात टेकवायच्या भागासकट, एकच भाग दिला असेल, तर तिसरा.

पायरी ५: त्या बटणावाचून अडतं का?

इंग्रजी टाइप करणाऱ्याला अर्धविराम किंवा चौकटी कंसाचं बटण गेलं तरी विशेष फरक पडत नाही. मराठीत तसं नाही. तुम्ही इन्स्क्रिप्ट ही मराठी टायपिंगची मांडणी वापरत असाल तर अर्धविरामाच्या बटणावर 'च' असतो, त्याच्या शेजारी 'ट', चौकटी कंसावर 'ड' आणि तिरप्या रेघेच्या बटणावर 'य'. 'डी' गेलं तर हलंत गेला, म्हणजे बहुतेक जोडाक्षरं होणार नाहीत. 'एन' गेलं तर 'ल' आणि 'ळ' दोन्ही एकदम. विकणारा म्हणेल, "ते कोपऱ्यातलं बटण कोण वापरतं?" आपण वापरतो. उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणाऱ्यांचं मात्र 'ए' गेलं की सगळंच संपलं.

गेलेलं बटण खरंच बिनकामाचं असेल किंवा त्याचं काम दुसऱ्याकडे देता येत असेल, तर पैसे वाचवा. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या सॉफ्टवेअरमध्ये 'कीबोर्ड मॅनेजर' आहे, त्यातून उजव्या ऑल्टला किंवा कॅप्स लॉकला हवं ते काम देता येतं. मात्र पॉवरटॉइज लॉगिन झाल्यावरच कामाला लागतं. बिघडलेलं अक्षर पासवर्डात असेल तर दाराशीच अडाल. शार्पकीज हे छोटं सॉफ्टवेअर बदल थेट रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, लिहितं, त्यामुळे तो लॉगिनच्या पडद्यावरही लागू होतो. बायोसमध्ये दोन्हींचा उपयोग नाही.

लॅपटॉप टेबलावरून हलतच नसेल, म्हणजे दुकानाचं बिलिंग, मुलांचा अभ्यास, मॉनिटरला जोडून काम, तर साधा यूएसबी कीबोर्ड पाचशेच्या आसपास मिळतो आणि टाइप करायला लॅपटॉपच्या कीबोर्डपेक्षा बरा असतो. यात कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही. अपवाद एकच, तो आपोआप टाइप होण्याचा.

पायरी ६: आता पैशांचं बोला

आधी मशीनची आजची किंमत ठरवा. तुम्ही किती दिले होते हा हिशोब सोडा, त्याच मॉडेलचं चालू स्थितीतलं मशीन आज किती रुपयांना मिळतं ते बघा. मग एक नजर प्रोसेसरवर टाका. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढे चालतं. सहाव्या-सातव्या पिढीचं मशीन असेल तर त्यावर पुढे लिनक्स घालणार आहात की नाही, हे कीबोर्डच्या आधी ठरवा. नसेल घालायचं, तर त्यात तीन हजारांचं सी पॅनल टाकण्यात अर्थ नाही.

माझा स्वतःचा ठोकताळा असा: दुरुस्तीचा एकूण खर्च मशीनच्या आजच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याच्या आत असेल तर करा, त्यावर गेला तर यूएसबी कीबोर्ड लावा किंवा मशीन आहे तसं विका. समजा, मशीन अठरा हजारांचं आहे. पहिल्या प्रकारचा कीबोर्ड मजुरीसकट दीड-दोन हजारांत बसला, तर प्रश्नच नाही. मशीन नऊ हजारांचं आणि सी पॅनल मजुरीसकट साडेतीन हजारांना, तर नको. हा काही कायदा नव्हे. मशीनमध्ये रॅम-एसएसडी नुकतीच घातली असेल आणि पडदा चांगला असेल, तर मी थोडा वर जाईन. चहा सांडलेलं असेल तर बराच खाली येईन.

अजून विकत घ्यायचं असेल तर घासाघीस करताना कीबोर्डची किंमत वजा करून मागू नका. *काम पूर्ण होण्याची* किंमत वजा करा. तिसऱ्या प्रकारच्या मशीनवर "आठशेचा तर कीबोर्ड येतो, आठशे कमी करतो" हा सौदा तुमच्या अंगावर येतो. सरळ म्हणा, "मग तुम्हीच बदलून द्या, मी पूर्ण पैसे देतो." खरंच आठशेत होणार असेल तर तो करून देईल.

पायरी ७: कोणता कीबोर्ड मागायचा?

मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये दिवा असलेला आणि नसलेला, असे दोन कीबोर्ड येतात. दिव्यासाठी वेगळी छोटी रिबन असते आणि तिची जागा तुमच्या बोर्डवर नसली तर दिव्याचे जादा पैसे वाया. खात्रीचा मार्ग म्हणजे पार्ट नंबर. लेनोवोत त्याला एफआरयू म्हणतात. एचपीच्या नंबरमागे जोडलेले आकडे मांडणी सांगतात, -००१ म्हणजे अमेरिकी, -०३१ म्हणजे ब्रिटिश. तो नंबर जुन्या कीबोर्डच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो.

मांडणीचा प्रश्न रिफर्बिश्ड मशीनला हमखास येतो. आपल्याकडे विकले जाणारे लॅपटॉप अमेरिकी मांडणीचे, म्हणजे आडव्या एंटरचे असतात. ब्रिटिश किंवा इतर युरोपीय कीबोर्डवर एंटर उभा, उलट्या एलसारखा असतो आणि डाव्या शिफ्टशेजारी एक जादा बटण असतं. वरून निघणाऱ्या अखंड कीबोर्डात उभ्या एंटरच्या जागी आडव्याचा कीबोर्ड बहुधा बसून जातो. पण ज्या लॅपटॉपच्या सी पॅनलला प्रत्येक बटणापुरतं स्वतंत्र भोक असतं, तिथे एंटरचं भोकच वेगळ्या आकाराचं असतं. मग एक तर ब्रिटिश कीबोर्डच शोधायचा, नाहीतर पॅनलसकट बदलायचं. आडवा एंटर की उभा, याचा फोटो काढून न्या.

मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्लीचा परिसर, अशा ठिकाणी चार दुकानं फिरता येतात. विचारायचे प्रश्न थोडे आहेत. "दादा, कीबोर्ड नवा आहे की दुसऱ्या मशीनमधून काढलेला?" काढलेला ओरिजिनल कीबोर्ड कधीकधी नव्या स्वस्त कीबोर्डपेक्षा बरा असतो, स्वस्तातल्यांच्या बटणांवरची अक्षरं वर्षभरात पुसट होतात. "वॉरंटी किती आणि बिलावर लिहून देणार का?" "नुसता कीबोर्ड बदलणार की पॅनल?" आणि शेवटचा, "माझ्यासमोर करणार का?" पहिल्या प्रकारचं काम समोर बसून होण्यासारखं आहे. मशीन ठेवून जायचं असेल तर डेटाची कॉपी काढा आणि बिटलॉकरची (डेटाला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून ठेवा. बोर्ड-बॅटरी काढल्यावर विंडोज ती कधीकधी मागतं. पासवर्ड देऊ नका, तपासायला पाहुण्यासारखं वेगळं खातं उघडून द्या.

स्वतः करायचं असेल तर

फक्त पहिल्या प्रकारात. काम अवघड नाही, अडतं ते रिबनच्या कडीपाशी. रिबन मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत शिरते तिच्यावर नखाएवढी काळी किंवा पांढरी पट्टी असते. काही ठिकाणी ती दाराच्या झडपेसारखी वर उघडते, काही ठिकाणी एखादा मिलिमीटर पुढे सरकते. ती मोकळी न करता रिबन ओढली तर पट्टी मोडते आणि मग बोर्डवरची खाचच बदलावी लागते. आधी मोबाइलचा टॉर्च लावून पट्टी कोणत्या जातीची आहे ते नीट बघा, मग प्लास्टिकच्या टोकाने दोन्ही कडांना सारखी मोकळी करा, रिबन सरळ रेषेत बाहेर घ्या. घालताना रिबनवरची आडवी छापील रेघ खाचेच्या काठाशी समांतर दिसली पाहिजे. तिरकी गेली तर नेमकी चार-सहा बटणं मरतात आणि नवा कीबोर्ड खराब निघाला असं वाटतं.

स्क्रू कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्या त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात घातला तर वरचं प्लास्टिक फोडून बाहेर डोकावतो. सगळे स्क्रू आवळण्याआधी मशीन सुरू करून एकदा सगळी बटणं दाबून घ्या.

ताब्यात घेताना

दुकानातून मशीन उचलण्याआधी नोटपॅडमध्ये पुन्हा सगळी बटणं, मग आवाज आणि उजेड कमी-जास्त करणारी बटणं, कीबोर्डचा दिवा, थिंकपॅड असेल तर माउससारखी चालणारी मधली लाल टिकली. सी पॅनल बदललं असेल तर टचपॅड, स्पीकर, बोटाचा ठसा आणि वायफायही, कारण हे सगळं नव्या पॅनलवर हलवलेलं असतं. मशीन हलवून आत काही खुळखुळतंय का ऐका. आणि जुना कीबोर्ड मागून घ्या. चालणाऱ्या बटणांच्या टोप्या आणि क्लिपा त्याच मापाच्या असतात, नव्यातली एखादी मोडली की तिथून काढून लावता येते.